लक्ष्मी रोडवरच्या त्या तिघांना थँक्यू

काल कुंटे चौकाजवळ उखडलेल्या फरशीत आईचा पाय अडकला न ती पडलीच, मी वाकेपर्यंत एका पोरानं इअरफोन काढून फुटपाथवर घुसलेल्या बाईकवाल्याला अडवलं, गजरेवाल्या मावशींनी स्वतःचं स्टूल दिलं आणि एका काकूंनी न सांगता रिक्षा थांबवली. नावं विचारायची राहूनच गेली.

आई म्हणते, पूर्वी समोरून वयस्कर माणूस आलं की लोक फुटपाथवरून खाली उतरून वाट द्यायचे. आता उतरणार कुठे, खाली सगळं पार्किंग! २०२१ पासून ११ डिसेंबरला इथे पादचारी दिन असतो, गाड्या बंद, त्या दिवशी सगळेच शहाणे असतात म्हणा. पण काल साधा मंगळवार होता.

मावशी, स्टूलवर चहा सांडला आमच्याकडून, सॉरी हां.