एक रिंग म्हणजे आराम

अण्णा,

तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाला खेटून असलेल्या भागातलं एस.टी. स्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान, एवढं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमची नावं तुम्ही इतकी वर्षं कुणाच्या कानावर पडू दिली नाहीत, मग तुमचं नाव मी चारचौघांत कसं घेऊ?

दुकान बंद करून तुम्ही मुलाकडं पुण्याला चाललाय, असं परवा कळलं. तुम्ही म्हणालात, आता सगळे घरबसल्याच रिचार्ज मारतात. समोर उभं राहून आभार मानायला आले होते, पण तुमच्याकडं गिऱ्हाईक होतं आणि माझा गळा दाटून आला. म्हणून हे पत्र. उघडं पत्र लिहितेय, कारण हे काम कसं चाललं ते दुसरीकडच्या बायकांनाही कळावं.

मी २००७ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेते. सरकारनं या गोळ्या १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. माझे मालक त्याआधीच गेले. त्यांच्या वाट्याला त्या आल्या नाहीत, माझ्या आल्या. मिरजेच्या सेंटरला जायचं म्हणजे पहाटेची गाडी, दोन-अडीच तास बसून, रिकाम्या पोटी. तिथल्या बाकड्यावर आमच्या भागातल्या बायका भेटत गेल्या आणि त्यातून मंडळ झालं. २०१० साली आम्ही एकोणीस जणी होतो. गोळी रोज, ठरलेल्या वेळेला, एकही न चुकवता घ्यायची. चुकत गेली की विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग ते औषध कामाचं राहत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळ्यांना पाठ होतं. पण घरात सासू आहे, दीर आहेत, गोळीचा डबा तांदळाच्या पिंपात लपवलेला आहे, अशा वेळी पाठ असून काय उपयोग? बाईला कुणीतरी विचारणारं लागतं.

विचारायचं काम मी अंगावर घेतलं आणि पहिल्याच महिन्यात चुकले. आमच्यातल्या एकीची तारीख टळली होती. तिला इथं मी धाकटी म्हणते. मी मेसेज केला, त्यात एआरटीचं आणि गोळ्यांचं सगळं लिहिलं, मिरजेचं नावसुद्धा. फोन तिचा नव्हताच, घरचा होता. मेसेज वाचला दिरानं. दुसऱ्या दिवशी धाकटी माहेरी आणि तिच्या गोळ्या उकिरड्यावर. अण्णा, ती चूक माझी होती, आजही माझीच आहे.

त्यानंतर चार दिवसांनी तुमच्या दुकानात रिचार्जला आले होते. फोनमध्ये सगळ्यांचे नंबर मी ‘पापड १’, ‘पापड २’ असे ठेवले होते. बॅलन्स बघायला फोन तुमच्या हातात दिला आणि तेवढ्यात ती यादी तुम्हाला दिसली. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं. कसलं मंडळ, कुठल्या बायका, काही विचारलं नाही. म्हणालात, “अक्का, मला काही सांगू नका. एवढंच सांगा, मेसेज गेला की तो कुणाच्या हातात पडतो?”

हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. दवाखान्यात नाही, शिबिरात नाही. मेसेज पोचला की काम झालं असंच सगळे धरून चालायचे. तुम्ही त्याच दिवशी काउंटरवर वही काढलीत आणि एकेका नंबरापुढं मला विचारून खूण केलीत. फोन स्वतःचा की घरचा? वाचता येतं का? फोनवर मराठी अक्षरं दिसतात की नुसते चौकोन? दिवसातून कधी एकटी असते? नाव एकाही ठिकाणी नाही, फक्त नंबराचे शेवटचे चार आकडे.

मग तुम्ही मला मेसेज लिहायला शिकवलंत. इंग्रजी अक्षरांत लिहिला तर एका मेसेजात १६० अक्षरं बसतात, मराठीत लिहिला तर ७०च, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते, हे मला कुठं ठाऊक होतं! पुढं गेला की दोन मेसेजचे पैसे. तुम्ही चौकटीच्या वहीवर एकेका घरात एकेक अक्षर, एकेक काना मांडून दाखवलात. “मंगळवारी पापड लाटायला या. अकरा वाजता. वही आणा.” मोकळ्या जागा धरून ४६ भरलं. वही म्हणजे दवाखान्याची वही, हे आमचं आम्हाला माहीत. दिरानं वाचलं तरी त्यात काय सापडणार? आणि तुम्हीच सुचवलंत की पापड खरेच लाटा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. त्या हिवाळ्यापासून आमचं मंडळ उडदाचे पापड करतं. त्या पैशातून मिरजेचं तिकीट निघतं.

धाकटीचं काय करायचं, ते मी तुम्हाला विचारलं होतं. तिच्या आईच्या घरचा नंबर माझ्याकडं होता. तुम्ही म्हणालात, तिला मेसेज करूच नका. दर सोमवारी सकाळी दहाला एक मिस्ड कॉल द्या, माणसं रानात गेलेली असतात तेव्हा. दुसरं काही नाही. ती मोकळी असेल तेव्हा तिला कळेल की कुणीतरी वाट बघतंय. मी अकरा सोमवार रिंग दिली. प्रत्येक सोमवारी फोन पदरात धरून बसायचे. बाराव्या सोमवारी सव्वादहाला तिची रिंग आली. एकच, आणि लगेच बंद. मी चालत तुमच्या दुकानात आले आणि काही न बोलता फोन पुढं केला. तुम्ही नंबर बघितलात, वही उघडलीत आणि त्या चार आकड्यांपुढं बरोबरची खूण केलीत. पुढच्या आठवड्यात तिला मी मिरजेला घेऊन गेले. फार वाळली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी आमच्या समुपदेशक मॅडमनी केनियातली गोष्ट सांगितली. तिथल्या दवाखान्यांनी गोळ्या घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा साधा मेसेज पाठवला, “मम्बो?” म्हणजे कसं काय. बरं असेल तर उत्तर “सावा”, अडचण असेल तर “शिदा”. अडचण कळवली किंवा उत्तरच आलं नाही, तर नर्स फोन करायची. ५३८ जणांवर हा अभ्यास झाला आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. मेसेज जाणाऱ्यांमध्ये गोळ्या नीट घेणारे शंभरात ६२ निघाले, न जाणाऱ्यांमध्ये ५०. रक्तातला विषाणू दबलेले ५७ आणि ४८. एका शब्दानं एवढा फरक! हे ऐकून मी थेट तुमच्याकडं आले. तुम्ही विचारलंत, आपल्याकडं काय म्हणायचं? ‘बरी आहेस का’ लिहिलं तर आमच्यातल्या कानडी बोलणाऱ्या बायका बाहेर राहतात. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, “आराम.” मराठीत आराम, कानडीतही आराम. “आराम अदीरी?” असंच तर विचारतात त्या.

त्या दिवसापासून दर सोमवारी सकाळी “आराम?” जातो. वाचता येतं तिला मेसेज, येत नाही तिला रिंग. उत्तराला पैसे पडू नयेत म्हणून उत्तर मिस्ड कॉलनं, हीही तुमचीच युक्ती. एक रिंग म्हणजे आराम. लागोपाठ दोन म्हणजे अडचण. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही तर मी जाते, पापडाचं पीठ घेऊन.

सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेनं, एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. जाहिरातींचा त्रास थांबावा म्हणून ते होतं आणि आमचं त्यात भागत होतं. खरी परीक्षा झाली ऑगस्ट २०१२ मध्ये. ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या, बंगळूर-पुण्याहून ती माणसं गाड्या भरभरून गावाकडं निघाली आणि १७ तारखेला, शुक्रवारी, सरकारनं देशभर मेसेजवर बंधन आणलं. दिवसाला फक्त पाच. तेव्हा आम्ही एक्केचाळीस जणी होतो. नेमकी सोमवारी २० तारखेला ईदची सुट्टी, आणि आमच्या कितीतरी जणींच्या तारखा त्याच दिवशी लावलेल्या. मजुरी बुडवून, पहाटे निघून बाया बंद दारापाशी पोचणार. एकेकीला फोन लावावा तर एवढा बॅलन्स नाही, आणि भलत्याच माणसानं उचलला तर बोलायचं काय?

शनिवारी सकाळी तुम्ही शटर अर्धं वर करून मला आत घेतलंत. जुन्या रिचार्जच्या पोस्टरच्या पाठीवर मधोमध एक गोल काढलात, तो मी. त्यातून पाच रेघा. त्या प्रत्येकीतून आणखी पाच. पाच आणि पंचवीस तीस झाल्या, मी धरून एकतीस, उरल्या दहा, त्या शेवटच्या फळीतल्या तिघींनी वाटून घ्यायच्या. पण कुणाखाली कोण, ते तुम्ही मला ठरवायला लावलंत. “कुणाचा कुणावर जीव आहे ते मला काय माहीत?” असं म्हणालात. त्या पोस्टरवर मी दीड तास बसले. शेजारणी एका रेघेवर ठेवल्या नाहीत. जावा-जावा तर मुळीच नाही. एकीला माझ्याशिवाय कुणाचाच विश्वास वाटत नव्हता, तिला माझ्या पाचांत घेतलं. “पापड सोमवारी नाही. मंगळवारी या.” दुपारी तीनला निघालेला मेसेज रात्री नऊच्या आत एक्केचाळिसाव्या बाईला पोचला. तिनं मला एक रिंग दिली. सोमवारी आमची एकही बाई मिरजेला फुकट गेली नाही. पुढच्या आठवड्यात सरकारनं पाचाचे वीस केले, नंतर बंधन उठलंच. पण साखळी आम्ही मोडली नाही. ते पोस्टर माझ्या ट्रंकेत आहे.

मार्च २०२० मध्ये तीच साखळी कामाला आली. एस.टी. बंद, गावांच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकलेल्या. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत होत्या, पण कुणी, कधी, कुठं जायचं हे कळवणार कसं? कामं बंद, पैसा नाही, आणि तोवर कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातलेली. तो मारला नाही की येणारे फोनही बंद होणार. तुमचं दुकानही बंद होतं. मी तुम्हाला फक्त चार आकडे कळवायचे आणि तुम्ही घरून त्या नंबरावर रिचार्ज टाकायचात. वहीत उधारी मांडलीत, तीही चार आकड्यांच्या नावानं. त्यातली काही उधारी अजून फिटलेली नाही, हे मला ठाऊक आहे. ती मंडळाच्या पापडाच्या पैशातून फिटेल, नको म्हणू नका.

मधे शहरातून आलेल्या एका ताईंनी विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप का करत नाही, सोपं पडेल. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ग्रुपमध्ये एकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, फोटो दिसतो, आणि घरातलं पोर खेळता खेळता सगळं वर सरकवून वाचतं. आमच्यातल्या कितीतरी जणींकडं अजून बटणांचाच फोन आहे. साधा मेसेज एकीकडून एकीकडं जातो, वाचून पुसता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे वेगळे प्लॅन ठेवायला सांगितलं, ती बातमी तुम्हीच मला वाचून दाखवली होती. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी विसरणार नाही. त्यात तुमचा काय फायदा होता? तो आमच्यासाठी होता.

आमच्यासाठी २०१७ साली कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. आमच्या आजाराची गोष्ट आमच्या संमतीशिवाय कुणी उघड करायची नाही, असं त्यात लिहिलंय. शिबिरात तो वाचून दाखवला तेव्हा मला तुमची वही आठवली. तुम्ही ते आठ वर्षं आधीपासून पाळत होता, आणि नेमकं काय झाकताय हेही तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला ते केव्हा कळलं, कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आज या पत्रातून कळलं असेल तर माझ्या संमतीनं कळू द्या. तुम्हाला सांगायची माझी फार वर्षांची इच्छा होती.

धाकटीचा मुलगा औंदा बारावीला आहे. तिची रिंग अजून सोमवारी सव्वादहालाच येते, आता स्वतःच्या फोनवरून. तुम्ही जाणार हे तिला सांगितलं तर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, अण्णांना पापड द्यायचे, दोन किलो, माझ्या हातचे. ते घेऊन आम्ही दोघी रविवारी येतोय. घरी असा.

आणि तुमचा पुण्याचा नंबर मी यादीत घातलाय. सोमवारी तुम्हालाही मेसेज येईल. एक रिंग द्या, म्हणजे झालं.

तुमची,
अक्का