परिपत्रक नको, थेट मेसेज पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला की टीव्हीवर शाळांच्या सुट्टीची पट्टी फिरायला लागते, पण कॉलेजचं काय हे सकाळचे सात वाजले तरी कुणालाच नीट माहीत नसतं. मी पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, ॲडमिशनच्या काउंटरवर बसते, त्यामुळे अशा सकाळी ऑफिसचा फोन कसा वाजत असतो ते मला चांगलं माहीत आहे. मॅडम आज कॉलेज आहे का, मॅडम पेपर होणार का, मुलगी घाटकोपरला अडकलीये पुढे येऊ दे की परत बोलावू. आणि फोन उचलणाऱ्या माणसाकडेही उत्तर नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठाने आणि कॉलेजांनी मुलांच्या मोबाईलवर थेट जाणारी इमर्जन्सी एसएमएसची सोय करावी आणि तो एसएमएस सोडायला कुणाच्या सहीच्या कागदाची वाट बघावी लागू नये.

आत्ता काय होतं ते सांगते. सुट्टीचा निर्णय कळला की आधी लेटरहेडवर पत्र टाइप होतं, त्याला जावक नंबर पडतो, मग प्राचार्यांची सही, गोल शिक्का, मग त्याचा मोबाईलवर फोटो काढून तो स्टाफच्या ग्रुपवर, तिथून क्लास टीचर, तिथून सीआर म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी आणि सीआरचा नेटपॅक चालू असेल आणि तो उठलेला असेल तर वर्गाच्या ग्रुपवर. तोवर टिटवाळ्याची, आसनगावची पोरं केव्हाच निघालेली असतात. सात-साडेसातचं पहिलं लेक्चर गाठायचं तर त्यांना पाचच्या आसपास घर सोडावं लागतं, म्हणजे आठ वाजता आलेलं परिपत्रक त्यांच्या काय कामाचं? ती तेव्हा कुर्ला आणि सायनच्या मध्ये उभ्या गाडीत असतात, खाली रुळावर पाणी, पुढची गाडी हलत नाही आणि मागे जायचीही सोय नाही.

८ जुलै २०२४ आठवून बघा. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला. महापालिकेने शाळा-कॉलेजांच्या पहिल्या सत्राला सुट्टी दिली, दुसऱ्या सत्राचं नंतर कळवलं. १८ ऑगस्ट २०२५ ला दुपारच्या सत्राची सुट्टी जाहीर झाली, म्हणजे सकाळची मुलं आधीच वर्गात होती आणि त्यांना भर पावसात परत जायचं होतं. पाऊस कधी वाढेल हे कुणाच्या हातात नाही आणि निर्णय उशिरा का झाला यावर मला भांडायचं नाही. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे, निर्णय झाला तर तो दहा मिनिटांत मुलाच्या खिशापर्यंत पोचतो का? आज नाही पोचत.

यात वेळ किती महत्त्वाचा असतो ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने फार भयंकर पद्धतीने पाहिलंय. १६ एप्रिल २००७ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास तिथल्या हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसाने दुसऱ्या बिल्डिंगमध्ये वर्गावर्गात शिरून आणखी ३० जणांना मारलं. मधले दोन तास मुलं नेहमीसारखी क्लासला निघाली कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानंतर २००८ मध्ये तिकडच्या क्लेरी कायद्यात, म्हणजे कॉलेज कॅम्पसच्या सुरक्षेच्या कायद्यात, बदल झाला, आता धोका खरा आहे हे पक्कं झालं की विद्यापीठाला ताबडतोब सगळ्यांना कळवावं लागतं आणि ही यंत्रणा वर्षातून निदान एकदा चालवून बघावी लागते. आपल्याकडे बंदुका घेऊन कुणी कॉलेजात शिरत नाही हे देवाची कृपा, पण लॅबमध्ये गॅस लिक होतो, मीटर रूमला आग लागते, पावसात संरक्षक भिंत पडते, गेटवर राडा होतो. आणि पाऊस तर दरवर्षी ठरलेला.

काही लोक म्हणतील व्हॉट्सॲप आहे ना. व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षीचं सुट्टीचं पत्र तारीख खोडून फिरतं आणि खरं पत्र त्याच्या खाली पडून राहतं, मुलं दोन्ही दाखवून आम्हालाच विचारतात यातलं खरं कुठलं. शिवाय डेटा संपला की व्हॉट्सॲप बंद. एसएमएसला नेट लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरही येतो. आणि बँकेसारखं पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव दिसतं, त्यामुळे कुणी सोम्यागोम्याने टाइप करून पाठवला असं होत नाही.

सरकारचा तो मोठ्याने वाजणारा अलर्टही आहे, २०२३ मध्ये टेस्टिंगला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते तो. ती सोय चांगलीच आहे, टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एका दमात जाते, नंबरची यादी लागत नाही, नेटवर्क तुंबलं तरी अडत नाही. पण आज तुमच्या कॉलेजचा पेपर पुढे ढकललाय किंवा लॅब बिल्डिंग रिकामी करा हे ती सांगणार नाही, ते कॉलेजलाच सांगायला लागेल. उलट २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा फोन लागत नव्हते हे आपण सगळ्यांनी भोगलंय, त्यामुळे एसएमएस केला की झालं असंही मी म्हणत नाही. कॅम्पसवर भोंगा, स्पीकर, नोटीस स्क्रीन हे सगळं बरोबरीने पाहिजेच. पण जो मुलगा अजून घरातून निघायचाय त्याच्यासाठी एसएमएसइतकं सोपं दुसरं काही नाही.

आता यातली ऑफिसची बाजू सांगते कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही. पहिली गोष्ट म्हणजे असे ढीगभर एसएमएस एकदम पाठवायचे तर ट्राय या टेलिकॉम नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दोन्ही आधी टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी नावाच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर रजिस्टर करावे लागतात. पहाटे चार वाजता पाऊस बघून नवीन मजकूर लिहिला आणि पाठवला असं होत नाही, तो अडकतो. म्हणजे हे काम मे महिन्यात करून ठेवायचं, पावसाचा, आगीचा, पेपर रद्दचा, आता धोका नाही याचा असे चार-सहा नमुने मंजूर करून तयार.

दुसरं म्हणजे मराठी एसएमएसला एका मेसेजमध्ये फक्त ७० अक्षरं बसतात, इंग्रजीला १६०. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेल्याचं चिन्ह, मधली जागा सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आमच्या परिपत्रकाची सुरुवात असते “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की”. मी मोजून पाहिलं, यातच ३४ अक्षरं गेली, अजून काही सांगितलेलंच नाही आणि निम्मी जागा संपली. त्याऐवजी “आज सर्व लेक्चर व परीक्षा रद्द. घरीच थांबा. कॅम्पसला येऊ नका.” हे ६० अक्षरांत बसतं, एकाच मेसेजमध्ये जातं आणि आसनगावच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या मुलाला एका नजरेत कळतं. काय झालंय, कुठे, आणि आता काय करायचं, एवढंच लिहा. मा. कुलगुरूंच्या आदेशानुसार वगैरे नंतरच्या पत्रात येऊ दे.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण नंबरची. ॲडमिशन फॉर्मवर जो मोबाईल नंबर असतो तो मुलाचाच असतो असं समजू नका. कित्येक फॉर्मवर सायबर कॅफेवाल्याचा नंबर असतो कारण त्याच्याच फोनवर ओटीपी घेऊन फॉर्म भरलेला असतो. एकदा आम्ही फीच्या कामासाठी एका वर्गाची यादी काढली तर तीन-चार वेगवेगळ्या आडनावांच्या मुलांसमोर एकच नंबर होता, फोन लावला तर झेरॉक्सच्या दुकानात लागला. कुणाचा मामाचा असतो, कुणाचा गावी असलेल्या वडिलांचा, कुणी एफवायला दिलेलं सिम एसवायला येईपर्यंत बंद करून टाकलेलं असतं. अशा यादीवर उद्या अलर्ट सोडला तर तो झेरॉक्सवाल्याला चार वेळा जाईल आणि मुलांना एकदाही नाही. म्हणून दर सेमिस्टरला परीक्षेचा फॉर्म भरताना मुलाच्या हातातल्या फोनवर ओटीपी पाठवून नंबर पक्का करून घ्या आणि घरच्यांचा दुसरा नंबर वेगळा घ्या. ज्याला पाहिजे त्याने नाव नोंदवावं असं ठेवलं तर थोडेच नोंदवतील, ॲडमिशन झाली की नंबर आपोआप यादीत गेला पाहिजे. आणि यादीत फक्त विद्यार्थी आणि शिक्षक नकोत, वॉचमन, सफाईवाल्या मावशी, कॅन्टीनची पोरं, हॉस्टेलचे रेक्टर सगळे पाहिजेत. आग लागली की दार उघडायला वॉचमनच आधी धावतो.

मुंबई विद्यापीठाची हद्द तर पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत आहे आणि कॉलेजं ८०० च्या वर. अंधेरीत गुडघाभर पाणी असतं तेव्हा सावंतवाडीत ऊन पडलेलं असू शकतं, त्यामुळे सगळ्यांना सरसकट एकच मेसेज चालणार नाही, जिल्ह्याप्रमाणे आणि कॅम्पसप्रमाणे यादी वेगळी पाहिजे. कालिना कॅम्पसच्या मुलाला फोर्ट कॅम्पसचा अलर्ट दोनदा चुकीचा आला की तिसऱ्यांदा तो बघणारसुद्धा नाही. त्याच कारणाने अलर्ट पाठवायच्या या ठरलेल्या नावाने फीची आठवण, दिवाळीच्या शुभेच्छा, वार्षिकोत्सवाचं आमंत्रण असलं काहीही कधीही जाऊ नये. त्या नावाचा मेसेज आला म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे मुलांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

बटण कोणी दाबायचं हेही आधी ठरवा. प्राचार्य विमानात असतील, फोन बंद असेल, मग काय? दोन-तीन पदं लिहून ठेवा, त्यातल्या कुणालाही धोका पक्का कळल्यावर सही न घेता मेसेज सोडता आला पाहिजे आणि नंतर त्याला नोटीस बजावली जाणार नाही याची लेखी हमी पाहिजे. आमच्याकडची माणसं वाईट नाहीत हो, घाबरतात. कुणी विचारलं तुम्हाला अधिकार कुणी दिला तर काय उत्तर देणार म्हणून सगळे सहीची वाट बघत बसतात. चुकून मेसेज गेला तर, ही भीतीही खोटी नाही. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर मिसाईल येतंय असा चुकीचा अलर्ट सगळ्यांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा होता हे फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली, कारण चूक झाल्याचा मेसेज तयारच नव्हता. म्हणून वर म्हटलेल्या नमुन्यांमध्ये “आधीचा मेसेज चुकीचा होता” हाही एक आजच मंजूर करून ठेवा.

आणि टेस्ट करा. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात एक, दुसरी सेमिस्टर सुरू झाल्यावर एक, आधी सांगून आणि मेसेजमध्ये “चाचणी” असं स्पष्ट लिहून. किती जणांना पोचला, किती नंबर बंद निघाले, पहिला मेसेज आणि शेवटचा मेसेज यात किती मिनिटं गेली हे नोटीस बोर्डवर लावा. ज्यांना आला नाही त्यांनी त्याच आठवड्यात ऑफिसात येऊन नंबर बदलून घ्यावा, त्यासाठी मी आणि माझ्यासारखे बाकीचे काउंटरवर जास्तीचा वेळ बसायला तयार आहोत.

खर्चाचं कारण कृपया कुणी पुढे करू नये. आम्ही फीची शेवटची तारीख कळवायला बल्क एसएमएस वापरतोच, ते पैसे निघतातच.

आपल्या पेपरने विद्यापीठाला आणि मुंबईतल्या मोठ्या कॉलेजांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं छापावीत ही विनंती. अलर्टचे नमुने रजिस्टर केलेत का, सही न घेता मेसेज सोडायचा अधिकार कोणत्या पदाला दिलाय, आणि विद्यार्थ्यांचे नंबर शेवटचे कधी तपासले. पावसाळ्याच्या आधी विचारलंत तर बरं होईल.

कळावे,
एक शिक्षकेतर कर्मचारी, अंधेरी