वरचं पाणी पाहून आलो

मुक्काम आपले गाव, ता. दर्यापूर
तान्ह्या पोळ्यानंतरचा आठवा दिवस

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला तेव्हा मी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धुऱ्यावर उभा होतो, म्हणून धड बोलता आले नाही. डिसेंबरात दोन्ही घरची मंडळी मिळून हिमाचलला जाऊ, असे तू म्हणत होतास. अबे, डिसेंबरात माझा कापूस कोण वेचेल? तुझे साहेब येणार आहेत का? तेव्हा तूर शेंगांवर आलेली असते, हरभऱ्यात अळी घुसलेली असते, अन् रात्री लाइन आली की मोटरीकडे धावावे लागते. आमच्या घराला फिरायला एकच फट सापडते. मूग घरात आला, सोयाबीन अजून उभे आहे, पोळा झाला, बैल ठाणावर. त्या फटीत यंदा दोन दिवस घराला कुलूप लावून आम्ही चिखलदऱ्याला जाऊन आलो. बाबासुद्धा आले. तुझा विश्वास बसायचा नाही, म्हणून एवढे लांबलचक लिहायला बसलो.

बाबांचे फिरणे तुला माहीत आहे. शेगाव, पंढरपूर, आणि एखाद्या सोयऱ्याचे लग्न. "देव नाही तिथं जाच कायले?" हा त्यांचा कायम सवाल. दोन वर्षांपूर्वी मी लोणारला न्यायचे ठरवले तेव्हा तर ते जास्तच बिथरले. "खारं पानी पाह्याले गाडीचे पैसे देता? घरची विहीर पाहा ना." आता यात त्यांचे काही चुकले नाही. आपल्या विहिरी आठवतात ना? डाळ दोन तास चुलीवर ठेवा, दाणा तसाच टणक. बादलीच्या काठावर पांढरा थर. तुझी माय पिण्याच्या पाण्याची गुंडी वेगळी ठेवायची आणि आपण खेळून आलो की त्यात ग्लास बुडवला म्हणून मार खायचो. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी हा खारपाणपट्टा गेला आहे. वर काळी माती, खाली गाळाचे थरावर थर, आणि त्या थरांतले पाणी खारट. ओलित करायला गेले तर जमीनच चिबडते. असल्या गावच्या माणसाला खारे तळे पाहायला चल म्हणणे म्हणजे गंमतच.

शेवटी कमळजा देवीचा आधार घेतला. काठावर देवीचे देऊळ आहे म्हटल्यावर बाबा टोपी घालून तयार.

पातूर, मालेगाव, मेहकर करत पोचलो. गावात दैत्यसूदनाचे देऊळ पाहिले, आणि मग त्या काठावर उभे राहिलो. तू गेला नाहीस म्हणून सांगतो, फोटोत काहीच कळत नाही. जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, दीडशे मीटर खोल, तळाला हिरवट पाणी. आकाशातून दगड पडला आणि आपल्या काळ्या पत्थराला असे भोक पाडले. कधी पडला यावर शास्त्रज्ञांचे अजून जमत नाही. कोणाचा हिशेब ५२ हजार वर्षांचा, कोणाचा पावणेसहा लाखांच्या आसपास. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, टीव्हीवर तूही पाहिले असशील. पाणी आटून खार वाढला की त्यात वाढणारे सूक्ष्म जीव रंग सोडतात, त्याचा तो प्रकार. त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

खाली उतरलो. उग्र वास येतो, सांगून ठेवतो, पोरगी नाकाला ओढणी लावूनच चालली. बाबांनी काठावर बसून दोन बोटे बुडवली आणि अंगठ्यावर घासली. साबणासारखे बुळबुळीत लागले. "आपल्या विहिरीचं बरं म्हनाव असं हाये," म्हणाले. पण खरी गोष्ट वर येताना झाली. काठाच्या वरच्या अंगाला धार आहे, गोमुखातून बारमाही गोड पाणी पडते. बाबांनी ओंजळ भरून घेतले, प्याले, पुन्हा घेतले. मग मागे वळून खालच्या त्या हिरव्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"देवानं इथं खारं अन् गोड शेजारी शेजारी ठेवलं. आपल्याकडं एकच काऊन ठेवलं?"

मला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवसापासून 'जाच कायले' बंद झाले.

म्हणून यंदा चिखलदरा. क्रुझर ठरवली, पहाटे चारला निघालो. मायने गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांसाठी कणीक, वांगी आणि चक्क अर्धे पोते गोवऱ्या गाडीच्या टपावर टाकल्या. वर जाऊन रोडगे-वांग्याची भाजी करायची असा तिचा बेत. अंजनगाव, परतवाडा, धामणगाव गढी, आणि तिथून घाट लागला. पहिल्या वळणाला माय नामस्मरण करू लागली, चौथ्याला पोरगा ओकला, आणि मोथ्याच्या अलीकडे ढगच रस्त्यावर आले. समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. पाऊस असा की गोवऱ्यांचे शेण होऊन टपावरून काचेवर ओघळू लागले. ड्रायव्हरने मायकडे आरशातून जे पाहिले ते मी विसरणार नाही. रोडगे तिथेच संपले. दुपारी एका चहावाल्याच्या टिनाखाली बसून तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि ठेचा खाल्ला, आणि खोटे कशाला बोलू, लय चांगले लागले.

राहायला जी खोली घेतली तिच्या मालकाने फोनवर एक भाव सांगितला आणि दारात दुसरा. रविवारी तर जाऊच नको. गाड्यांची रांग, त्यात गाण्याचे डब्बे लावून नाचणारी पोरे. आम्ही मंगळवारी होतो म्हणून वाचलो. पण त्या खोलीतलीच एक गोष्ट सांगतो. सकाळी पोरगी आंघोळीला गेली आणि अर्ध्या तासाने आतून ओरडली, "माय, साबन निघूनच नाही राह्यला!" घरच्या सवयीने तिने साबण खसाखसा घासला होता. आपल्या पाण्यात तेवढे केले तर जेमतेम दह्यासारखे काही येते. तिथे फेसच फेस. बायको आत गेली आणि दोघी हसत सुटल्या. मग एकेक करून सगळ्यांनी आंघोळ केली, बाबांनी तर दोनदा. आमच्या घरची सहल मला विचारशील तर अर्धी त्या न्हाणीघरात झाली.

भीमकुंड पाहिले. कीचकाला मारून भीमाने दरीत फेकले आणि या कुंडात हात धुतले, ही कथा मायने पोरांना अशी सांगितली की जणू ती तिथे हजर होती. देवी पॉइंटला काहीही दिसले नाही, पांढरा पडदा. एका कोरकू आदिवासी म्हाताऱ्याकडे भुट्टे घेतले. बाबांचे त्याच्याशी लगेच जमले. बाबा येताजाता प्रत्येक नाल्याला एकच विचारायचे, हे पाणी कुठे जाते? म्हाताऱ्याने हाताने दाखवले, तिकडचे सिपना नदीला, इकडचे खाली तुमच्या मुलखात. सिपना म्हणजे त्यांच्या भाषेत साग. सिपना पुढे तापीला मिळते. आपली पूर्णाही चांगदेवजवळ तापीलाच मिळते. म्हणजे डोंगराच्या दोन अंगांनी निघालेले पाणी शेवटी एकाच नदीत. बाबांना हे इतके आवडले की परतीच्या वाटेत त्यांनी ड्रायव्हरलाही समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी गाविलगडावर गेलो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून घेतला, आणि वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, एका इंग्रज कॅप्टनने चिखलदरा 'शोधले' अशी नोंद आहे. लोणारही त्याच साली दुसऱ्या एका साहेबाने 'शोधले'. एकाच वर्षी वऱ्हाडात दोन-दोन शोध! कोरकू, गवळी आणि कमळजा देवी तोवर काय लपून बसले होते काय?

तटाच्या दक्षिणेला पोचलो तेव्हा धुके होते. बाबा म्हणाले थांबू. भिजत थांबलो. वीसेक मिनिटांनी ढग फाटला आणि खाली सगळा वऱ्हाड दिसला. हिरवे चौकोन, मध्ये मध्ये गावांचे ठिपके, आणि लांब पूर्णेच्या अंगाला नुसती निळसर रेघ. आपली चंद्रभागा याच डोंगरात निघते. आपल्या नळाला शहानूर धरणाचे पाणी येते, तेही इथलेच. मी तसे मायला सांगितले. बत्तीस वर्षे तिने डोक्यावर पाणी आणले, मग नळ आला, पण हे कुठून येते हे तिला कोणी सांगितले नव्हते, मीही नाही. ती काही बोलली नाही. पदराखालून प्लॅस्टिकची बाटली काढली आणि तटाच्या भिंतीवरून गळणारी धार तिच्यात भरली. ती बाटली आता देवघरात गंगाजलाच्या गडूशेजारी आहे.

तर हिमाचलचे पुढे पाहू. पुढच्या पोळ्याला तू पोराबाळांसह इकडे ये. पोळा गावात कर, तिसऱ्या दिवशी निघू. येताना रेनकोट आण, साबण एक वडी पुरे. बायकोला सांग, माय या वेळी गोवऱ्या गाडीच्या आत ठेवणार आहे, तिने तसे जाहीर केले आहे. ड्रायव्हर मात्र नवा शोधावा लागेल.

आणि हो, काल रात्री जेवताना बाबांनी विचारले, "ते सिपना कोनत्या रस्त्यानं लागते रे?" सेमाडोहकडून, म्हणालो. "तिथं देव हाये का?" मायने विचारले. बाबा म्हणाले, "नसला तं नसला."

तुझा,
मागच्या बाकावरचा दोस्त