तुझ्या आगरातली माकडं आणि इथले बबून

नैरोबी,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. माकडांपायी एका सकाळीत वीस-पंचवीस कोवळे नारळ गेले, केळीचा घड उभ्या उभ्या ओरबाडला, राखणीला येणारा गडीही आता नको म्हणतो, हे वाचून फार वाईट वाटलं. तुझ्या सासूबाईंनी पाणी घालून वाढवलेलं आगर आहे ते. "ही जातच संपवायला हवी" असं तू रागाच्या भरात लिहिलंस. मी इथे दूर बसून तुला काय समजावणार? पण तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आम्ही अंबोसेलीच्या अभयारण्यात गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते तुझ्या पत्रासकट पाहिलं, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

बबून हे माकड आपल्याकडे नाही. चेहरा कुत्र्यासारखा लांबोडका. दिवसभर जमिनीवर चालतो आणि झोपायला तेवढा झाडावर चढतो. सकाळी उन्हं वर आली तशी पिवळ्या खोडाच्या बाभळींवरून टोळी खाली उतरली. एक मादी आमच्या गाडीपासून दहा-बारा हातांवर येऊन बसली. गवताचा ठोंब उपटायचा, मुळाशी असलेला बारका कंद तोडायचा, हातावर चोळून माती झाडायची आणि तोंडात टाकायचा. आई सुपात तांदूळ निवडायला बसायची ना, तशी एकाग्रता. तेवढ्यात दुसरी मादी आली आणि सरळ तिच्यापुढे आडवी झाली, एक हात वर करून. पहिलीने खाणं सोडलं. दोन्ही हातांनी तिच्या काखेतले केस फाकवून एकेक किडा, एकेक कोंड्याचा कण वेचू लागली. दुसरीचे डोळे मिटले. तिच्या पोटाशी काळंभोर पिल्लू होतं, कान मात्र गुलाबी. बराच वेळ आमच्यातलं कुणीच बोललं नाही.

मला ते फक्त गोड वाटलं होतं. घरी आल्यावर वाचत बसले तेव्हा कळलं की याच अंबोसेलीत 1971 पासून बबूनांच्या टोळ्यांचा अखंड अभ्यास चालू आहे. जीन आल्टमन आणि स्टुअर्ट आल्टमन यांनी तो सुरू केला. जीनबाई मूळच्या गणिताच्या. त्या काळी संशोधक टोळीकडे पाहायचे आणि जे डोळ्यांत भरेल ते टिपायचे, म्हणजे मुख्यतः नरांच्या मारामाऱ्या. बाईंनी 1974 साली एक निबंध लिहून सांगितलं की असं चालणार नाही. एक प्राणी आधी ठरवायचा, ठरलेला वेळ फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, तो नुसता बसला असेल तर तेही लिहायचं. मग पुढचा. अशी पाळी सगळ्यांना मिळाली आणि कोपऱ्यात बसून कंद खाणाऱ्या माद्या एकदम दिसायला लागल्या! आज जगभर प्राण्यांचं निरीक्षण याच रीतीने करतात. इथले केनियन निरीक्षक टोळीतल्या प्रत्येकाला चेहऱ्याने आणि नावाने ओळखतात, कुणाची आई कोण हे तोंडपाठ.

मादी जन्मभर आपल्या टोळीत राहते, आईच्या मानाची पायरी मुलीला मिळते. नर वयात आले की घर सोडून दुसऱ्या टोळीत जातात. म्हणजे घर माद्यांचंच. 2003 मध्ये सोळा वर्षांच्या नोंदींवरून असं निघालं की ज्या मादीचं इतरांशी बसणं-उठणं, केस विंचरणं जास्त, तिची पिल्लं वर्षाची होईपर्यंत जगण्याची शक्यता जास्त. तिचा मान वरचा असो की खालचा. सुनंदा, मी ते दोनदा वाचलं. ती दुसरी मादी हात वर करून पडली होती ना, ते तिच्या पिल्लाच्या जिवाशी जोडलेलं होतं.

आणि टोळीचा म्होरक्या? त्याच्या विष्ठेतून ताणाचं संप्रेरक मोजलं. 2011 साली कळलं की पहिल्या नंबरच्या नराला दुसऱ्या नंबरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त ताण असतो. सगळ्यात तळाच्या नरांच्या जवळ जाणारा. गादी टिकवायची, मादीवर पहारा द्यायचा, सुख ते कसलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. शर्ली स्ट्रम नावाच्या बाई 1972 पासून केनियातल्याच गिलगिल गावाजवळच्या एका मोठ्या कुरणावर बबूनांचा अभ्यास करत होत्या. पुढे ते कुरण विकलं गेलं, लहान शेतकरी आले, मका लावला. बबून मक्यावर तुटून पडले, आणि त्या शेतकऱ्यांचीही तुझ्यासारखीच दैना झाली. बाईंनी हाकलून पाहिलं, आवाज करून पाहिलं, मक्यात मळमळ आणणारं औषध घालून पाहिलं. फारसं साधलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि मला वाटतं ती तुझ्या उपयोगाची आहे. सगळे बबून चोर नव्हते. ज्यांना मक्याची चटक लागली ते जुन्या टोळीतून फुटून निराळे झाले. त्यांना नाव पडलं वबाया, स्वाहिलीत वाईट मंडळी. बाकीचे गवतच खात राहिले. शेवटी गोळ्या घालण्यापेक्षा बरं म्हणून 1984 मध्ये तीन टोळ्या पकडून लायकिपियाच्या पठारावर नेऊन सोडल्या. नव्या मुलखात त्या तगल्या. पण एवढी खटपट दर वेळी कोण करणार? आणि प्रत्येक वेळी मोकळं पठार कुठून आणायचं? म्हणून चटक लागायच्या आधीच अडवणं, हेच मला खरं काम वाटतं. त्यासाठी कोण चोर, कोण नाही, ही ओळख हवी.

तुझी माकडं म्हणजे बबून नव्हेत, हे मला कळतं. तरी तुझ्या पत्रात तू एका कान फाटलेल्या मादीचं लिहिलंयस, सगळ्यात आधी कुंपणावर तीच येते म्हणून. म्हणजे ओळखतेस की तू तिला! आठ दिवस एक वही घेऊन बसशील का? ती किती वाजता येते, कोणत्या झाडावरून, मागून कोण कोण येतं, आगराबाहेरच कोण बसून राहतं. बाहेरचं फणसाचं झाड कधी लागतं आणि तेव्हा ती येतात का, हेही लिही. मला फोटो पाठव, मी इथे अभ्यास करणाऱ्या एका मुलीला दाखवते. दिवाळीत येणारच आहे, तेव्हा पहाटे दोघी मिळून राखणीला बसू. चहाचा थर्मास माझ्याकडे लागला.

कान फाटलेलीच्या पोटाशी पिल्लू आहे का, तेवढं आधी कळव.

तुझी,
मीना