नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी केवळ जानेवारीत मोजू नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याची बातमी आपल्या दैनिकात वर्षातून साधारण दोनदा येते. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की बंधाऱ्यातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू असल्याचे पहिल्या पानावर असते, आणि जानेवारीत अमुक हजार पक्षी व तमुक प्रजाती मोजल्या गेल्याचे, बहुधा रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) छायाचित्रासह, आतल्या पानावर असते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. पहिल्या बातमीत पक्षी नसतात आणि दुसऱ्या बातमीत पाण्याची पातळी नसते, एवढीच माझी तक्रार आहे. आणि ती आपल्यापेक्षा अधिक या पाणथळीचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांकडे आहे. मी निफाड तालुक्यातला निवृत्त शिक्षक असून गेली अनेक वर्षे वहीत नोंदी ठेवत या पाण्याच्या काठाने हिंडत आलो आहे, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

ही जागा मुळात पक्ष्यांसाठी कोणी निर्माण केली नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी गेल्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश अमदानीत, कोपरगाव-राहात्याकडे कालव्याने पाणी नेण्यासाठी हा बंधारा बांधला गेला. दोन नद्यांनी शंभर वर्षे आणून टाकलेला गाळ फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात, साचत गेला, त्याची बेटे झाली, उथळ पाणपट्टे झाले, त्यांवर पाणकणीस आणि बाभळी उभ्या राहिल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान होते, त्यातूनच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात एक भरगच्च पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. लोणार आणि ठाणे खाडी ही राज्यातली इतर दोन रामसर स्थळे तिच्यानंतरची आहेत.

जानेवारीतल्या गणनेला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत होते, कारण त्या सुमारास स्थलांतरित पक्षी एका ठिकाणी स्थिरावलेले असतात आणि निरनिराळ्या देशांत एकाच वेळी मोजणी झाली तर तेच थवे दोनदा मोजले जाण्याची शक्यता कमी होते. रामसर करारातल्या निकषांपैकी दोन थेट अशा आकड्यांवरच आधारलेले आहेत: एखाद्या जागी नियमितपणे वीस हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी असणे, अथवा एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तरी तिथे असणे. तेव्हा जानेवारीचा आकडा हवाच. मात्र तो एका महिन्यातल्या एका सकाळचा आकडा आहे. निफाडचा पारा घसरला की पक्षी वाढले, असे दर वर्षी छापून येते, त्यातही फारसे तथ्य नाही. भुवई बदक ऑगस्ट संपता संपता दाखल होते आणि तुतवार तर त्याही आधी, म्हणजे आपल्याकडे अंगावर रेनकोट असतानाच चिखलात फिरताना दिसतात.

शिवाय आकड्याची उंची आणि यादीची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारकऱ्यांचा, म्हणजे पांढऱ्या कपाळाच्या त्या काळ्या पाणपक्ष्यांचा, एक मोठा थवा उतरला की गणनेचा आकडा फुगतो. यादीत मात्र एकाच नावाची भर पडते. यादी लांब होते ती पाण्याची खोली पावलोपावली बदलते म्हणून. बंधाऱ्याच्या दारांजवळ पाणी खोल आहे आणि तिथे पाणकावळे, टिबुकल्या व बुडी मारून खाणारी शेंडी बदके असतात. तिथून वर, फुगवट्याच्या टोकाकडे जावे तसा गाळ उंचावतो, पाणी गुडघाभर होते आणि तळाचे पाणगवत हाताशी येते. तलवार बदकासारखे, नुसती मान पाण्यात खुपसून आणि शेपटी आभाळाकडे करून चरणारे पक्षी तिथेच थांबतात, कारण त्यांच्या मानेला जेवढे पोहोचते तेवढेच त्यांचे अन्न. वीतभर पाण्यात चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो, लांब पायांचे शेकाटे आणि लांब चोचीचे मालगुजे उभे असतात. त्यापुढे नुसता ओला चिखल, आणि तो टिलव्यांचा. चिमणीएवढ्या या पक्ष्याचे पाय इतके आखूड असतात की पाणी चार बोटे वाढले तरी त्याच्या पुढचे ताट ओढून घेतल्यासारखे होते.

चिखल संपला की पाणकणसाची दाटी सुरू होते. तिथे जांभळ्या पाणकोंबड्या असतात, ज्या एका पायाने कोंब धरून, माणसाने ऊस खावा तशा खातात. तिथेच वटवटे असतात, ज्यांचा आवाज ऐकू येतो आणि पक्षी दिसत नाही. काठच्या बाभळींवर बगळे आणि रातबगळे रात्र-दिवसाची पाळी लावून बसतात. त्यापलीकडचे गवत आणि गहू-हरभऱ्याची राने ही कोणाच्याच खिजगणतीत नसतात, पण चंडोल, धोबी, दाण्यासाठी उतरणारे करकोचे आणि जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी त्यांच्याच आधाराने राहतात. मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाण्याकडे पाहिले तर यांतले निम्मे हिशेबातच येत नाही.

आता ऋतूंविषयी. पावसाळ्यात अभयारण्यात पाहण्यासारखे काही नसते, असा समज इतका पक्का आहे की पर्यटक तर सोडाच, पक्षिनिरीक्षकही जूननंतर तिकडे फिरकत नाहीत. प्रत्यक्षात इथे राहणाऱ्या पक्ष्यांचे खरे वर्ष तेव्हाच सुरू होते. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्याबरोबर येतो. सुगरणींचे नर पाण्यावर झुकलेल्या बाभळींना खोपे टांगू लागतात. पाणकोंबड्या पाणकणीस मोडून घरटी रचतात, आणि एरवी सहसा न दिसणारी तांबूस बगळी दाटीतून डोके वर काढते. या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो लांब शेपटीचा कमळपक्षी. हिवाळी पर्यटकाने त्याला पाहिले असले तरी ओळखले असेलच असे नाही, कारण तेव्हा त्याला ती लांब शेपटी नसतेच; मळकट तपकिरी अंगाचा एक साधा पक्षी तरंगत्या पानांवरून चालताना दिसतो. जूननंतर त्याच्या मानेमागे सोनेरी झळाळी येते, अंग काळसर होते आणि शेपटीची कमान पाण्यावर झुकते. मादी तरंगत्या वनस्पतींच्या जुजबी घरट्यात भोवऱ्यासारखी टोकदार, काळपट चकचकीत अशी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे सर्व नर करतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी यावर विचार करायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की पाणवेलींचा, म्हणजे जलपर्णीसारख्या तरंगत्या वनस्पतींचा, प्रश्न नेमका इथे येऊन भिडतो. वरच्या शहरांचे सांडपाणी गोदावरीत येते तोवर पाणवेली वाढत राहणार, आणि त्यांचा थर जमला की बदकांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही. त्यामुळे त्या काढल्या पाहिजेत याबद्दल दुमत नाही. प्रश्न केव्हा आणि कशा काढाव्यात एवढाच आहे. काही वर्षांपूर्वी एका तळ्यावर, ऑगस्ट महिन्यात, यंत्राने पाणवेली उपसण्याचे काम मी पाहिले. काठावर टाकलेल्या ढिगात कमळपक्ष्याचे घरटे होते. दोन अंडी फुटलेली होती आणि दोन शाबूत होती. नर त्या ढिगाभोवती घिरट्या घालत होता. काम करणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना स्वच्छता करण्यास सांगितले होते आणि ती ते चोख करत होते. त्या तळ्यावर ऑगस्टात कोण वीण करते, याची नोंदच कुठे नव्हती, कारण तिथली गणनाही जानेवारीतच होत असे. हेच काम फेब्रुवारी ते मे या काळात झाले आणि सगळे पाणी एकदम न खरडता मधून मधून पट्टे राखले, तर बदकांनाही जागा होते आणि कमळपक्ष्याचेही घर राहते.

उन्हाळ्यात आवर्तनाचा, म्हणजे सिंचनासाठी धरणातून ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा, प्रश्न असतो. टिटवी, शेकाट्या आणि नदीसुरय हे पक्षी उघड्या वाळूवर किंवा सुकलेल्या गाळावर, कसलाही आडोसा न करता अंडी घालतात, आणि त्यासाठी त्यांना मार्चपासून पुढचे उघडे पडलेले काठ व बेटे लागतात. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून आवर्तन सुटले आणि बंधाऱ्यातली पातळी एका रात्रीत वाढली, की अशा बेटांवरची अंडी पाण्याखाली जातात. आवर्तन थांबवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही; कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरीही त्याच पाण्याची वाट पाहत असतो. पण आवर्तनाच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात आणि पातळी हळूहळू चढवणे बहुतेक वेळा शक्य असते. अंड्यांवर बसलेले पक्षी कुठे आणि किती आहेत हे माहीत असेल, तरच ही विनंती करण्यात अर्थ आहे. आज ते सांगणारा कागद नाही.

गाळाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, जरी त्यामुळे माझ्याच गावातले काही जण नाराज होतील. बंधाऱ्याची साठवण गाळाने घटली असून गाळ काढावा, ही मागणी जुनी आहे आणि शेतकऱ्याच्या बाजूने ती रास्तच आहे. तो गाळ शेतात सोन्यासारखा आहे, हेही खरे. परंतु वर वर्णन केलेला गुडघाभर, वीतभर आणि चार बोटे पाण्याचा सगळा संसार त्याच गाळावर उभा आहे. काठ सरळ तासून एकसारखी खोली केली तर तिथे टिबुकल्या आणि पाणकावळे राहतील, बाकीचे जातील. आणि वारकऱ्यांचा थवा आला तर जानेवारीचा आकडा तेव्हाही मोठाच दिसेल. भिगवणला उजनीचे पाणी उशिरापर्यंत भरलेले राहिले की रोहित उतरण्यास उशीर करतात, हे तिथले नावाडी सांगतात, त्यामागेही उथळ चिखल उघडा न पडणे हेच कारण आहे. म्हणून गाळ काढायचा झाल्यास तो दारांजवळच्या खोल भागातला काढावा, आणि फुगवट्याच्या टोकाचे उतार व बेटे तशीच ठेवावीत.

आपल्यामार्फत वन विभाग, पाटबंधारे खाते आणि जिल्ह्यातल्या पक्षिमित्र संस्था यांच्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. जानेवारीखेरीज एप्रिल, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा आणखी तीन महिन्यांत गणना व्हावी, आणि ती सगळे पाणी एकत्र धरून न करता खोल पाणी, उथळ पाणी, चिखल, पाणकणीस, झाडे आणि शेते अशी वेगवेगळी व्हावी. प्रत्येक गणनेच्या तक्त्यात त्या दिवसाची बंधाऱ्यातली पातळी लिहावी; ती पाटबंधारे खात्याकडे रोजच्या रोज नोंदलेली असतेच. पावसाळ्यातल्या गणनेत चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांतल्या मासेमारांना मानधन देऊन सोबत घ्यावे, कारण कोणत्या दाटीत कोणाचे घरटे आहे हे त्यांना आम्हा वहीवाल्यांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते, आणि होडीशिवाय त्या महिन्यांत तिथे पोहोचताही येत नाही. पाणवेली, गाळ आणि आवर्तन यांची वेळापत्रके ठरवणाऱ्या बैठकीत हे तक्ते पटलावर ठेवले जावेत.

आपल्याकडेही एक मागणे आहे. येत्या ऑगस्टात विसर्गाची बातमी छापताना तिच्या शेजारी कमळपक्ष्याचे, त्याच्या लांब शेपटीसकट, एक छायाचित्र द्यावे. पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी चापडगावच्या बाजूने सकाळी लवकर गेल्यास ते आपल्या छायाचित्रकाराला सहज मिळू शकेल. चिखल फार असतो, तेव्हा बूट गुडघ्यापर्यंतचे घालावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
निफाड तालुका, जि. नाशिक