घरासाठी बंदूक घेताय? मग दुनळीच बघा

संपादक महोदय, स. न.

आपल्याकडे वाडीवाडीत पोरं मुंबईला आणि घरात म्हातारी दोघंच, त्यामुळे राखणीला बंदूक घ्यायचा विषय निघतोच आणि हल्ली ज्याला त्याला पंप अ‍ॅक्शन (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस चढवायची बंदूक) हवी असते. माझं स्पष्ट मत, साधी बारा बोअरची (हे नळीचं माप) दुनळी घ्या. मधून उघडली की दोन्ही नळ्या डोळ्यासमोर, आत काडतूस आहे की नाही ते लगेच कळतं. पंपवाली घाबरलेल्या माणसाने अर्धवट ओढली की अडकते, आणि सत्तरीतल्या बाईमाणसाला अपरात्री ते जमणार आहे का? त्यात आपली खारी हवा, पावसाळ्यात आठवड्याला तेलाचं फडकं नाही फिरवलं तर नळीवर तांबेरा चढलाच म्हणून समजा.

अजून एक, बाहेरची भिंत चिऱ्याची असली तरी आतलं पार्टिशन प्लायवूडचं असतं, एलजीचे म्हणजे जाड छर्रे त्यातून आरपार जातात आणि पलीकडे नातवंडं झोपलेली असतात हो! बंदूक रिकामी, कुलपात ठेवा, काडतुसं वेगळीकडे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतोच, तेव्हा त्याचे नियम सोप्या मराठीत एकदा छापा ही विनंती.

– एक बागायतदार, देवगड