अंतर आणि आईचे गुडघे

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

मेसेजवर एवढं टाइप करायचा कंटाळा, म्हणून सरळ पत्रच धाडतोय. ‘अंतर तेवढंच, मग दुबईवरून स्वस्तातलं तिकीट काढ आणि आईला घेऊन ये,’ म्हणतोस. अरे, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण 13,500 किलोमीटर, दुबईमार्गे पंधरा हजारांच्या आसपास. फरक फार नाही, कबूल. पण दुबईपर्यंतचे तीन तास संपले, की पुढे जवळजवळ सोळा तास सलग बसायचंच! मग मधे थांबून आईच्या गुडघ्यांना काय मिळालं?

चिरंजीवांच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर परवा दोरा ताणून बघितला. मला वाटलं युरोपवरून जाईल. कसलं काय, तो लडाख, सायबेरिया करत वर चढला आणि अलास्कावरून तुमच्याकडे उतरला. अर्थात विमानं त्या दोऱ्यावरून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झटकन खाली आणावं लागतं, आणि लडाखवर खाली यायला जागाच नाही, डोंगरच तेवढे उंच.

शिवाय किलोमीटर कमी म्हणजे वेळ कमी, हेही खरं नाही. एअर इंडियाचं दिल्लीचं विमान आधी अटलांटिकवरून तुमच्याकडे यायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं 15,300, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! करामत वाऱ्याची. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो. तो पाठीशी असला की झालं. म्हणून तर येता-जाताना वेळ वेगळा लागतो. त्यात एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, म्हणजे दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर आणखी वळसा.

तेव्हा फ्रँकफर्टमार्गे यायचं, असं मी ठरवलंय. तिथवर साधारण नऊ तास, मग पाय मोकळे करायचे, पुढे साडेअकरा. एकूण वेळ थेट विमानापेक्षा जास्त जाईल, जाऊ दे. पैसेही थोडे जास्त पडतील. पण एका दमात सोळा तास तिला बसवायचं नाही, हे माझं ठरलंय. विमानतळावर व्हीलचेअर मागितलीय म्हटल्यावर बाईसाहेब रुसल्यात. ‘मी काय आजारी आहे?’ तू फोन करून समजाव, तुझं ऐकते ती.

पुण्याहून मुंबईच्या विमानतळाचा वेळ मी धरलेलाच नाही. बोरघाटात ट्रेलर आडवा झाला, की जेट स्ट्रीम काय करणार?

वहिनींना विचार, गोडा मसाला किती आणू. आई दोन किलो म्हणतेय, मी अर्ध्यावर अडलोय.

तुझा,
मंदार